नखावरची रेघ

चित्रकारबाईंचा एक नेम होता. सकाळचा पहिला रंग जमेपर्यंत त्या तोंडातून शब्द काढत नसत. उठल्यावर आंघोळ, मग डोळे मिटून, हात जोडून पाच मिनिटं बसणं, मग आदल्या दिवशीचे ब्रश पुन्हा एकदा साबणानं धुणं, आणि मगच पॅलेटवर रंग. तोवर दारात कोणीही उभं राहिलं तरी हाताच्या पंजानंच "थांबा". हा नेम त्यांनी गुरुजींकडून घेतला होता. बोलत बसलं की माणूस बघायचं विसरतो, असं गुरुजी म्हणत. तीस वर्षांत तो दोनदाच मोडला. एकदा गुरुजी गेल्याचा निरोप आला तेव्हा. दुसऱ्यांदा कसा मोडला, त्याची ही गोष्ट.

बाईंची खोली वरच्या मजल्यावर होती. खाली धाकट्या भावाचं चित्रांच्या चौकटींचं दुकान. तो दिवसभर खिळे ठोकत असे, म्हणून अख्खी गल्ली त्याला ठोक्या म्हणे, आणि आता कोणी खरं नाव विचारलं तर त्यालाच क्षणभर आठवावं लागे.

तो गृहस्थ पहिल्यांदा आला तो जिना मोजून चढल्यासारखा, अगदी सावकाश. चाळिशीचा, गोड बोलणारा, बुटांवर धुळीचा कण नाही.

"माझ्या आत्याचं चित्र हवंय," तो म्हणाला. "तैलचित्र. आम्ही सगळे तिला आक्काच म्हणतो. मुख्याध्यापिका होती. माझे आईवडील गेले तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. तिनंच वाढवलं. तिला साडेतीन-चार महिन्यांनी पंचाहत्तर पूर्ण होतायत."

"वा. मग वाढदिवसाला द्यायचं?"

"हो. त्या दिवशी ती घर शाळेला देऊन टाकतेय. सह्या वगैरे तेव्हाच." तो हसला. "म्हटलं, घर जाणारच आहे, तर निदान भिंतीवर तरी ती राहावी."

बाईंना ते बोलणं भावलं. आत्यावर जीव आहे मुलाचा, असं वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि काम कसं चालतं ते सांगायला बसल्या, कारण गिऱ्हाइकाला हे आधी सांगितलेलं बरं असतं. कॅनव्हास ताणायचा, त्याला सरस लावायचा, मग पांढऱ्या अस्तराचे तीन हात, आणि प्रत्येक हात वाळेपर्यंत गप्प बसायचं. यातच महिना जातो. मग बैठका. कोळशानं रेखाटन, त्यावर मातकट रंगाचा पाण्यासारखा पातळ थर, नुसता उजेड आणि सावली. तो वाळला की अंगाचे रंग. खालचे थर टर्पेंटाइन घालून पातळ, वरचे जवसाचं तेल घालून दाट. हा क्रम चुकला की वर्षभरात चेहऱ्यावर तडे जातात.

"आणि घाई केली तर?" त्यानं विचारलं.

"तर चेहरा जमतो, पण टिकत नाही."

"नाही नाही, टिकायला तर हवंच." तो खिडकीशी गेला. "फक्त वाढदिवसाच्या जरा आधी पूर्ण झालं तर बरं. काय सांगावं, या वयात."

खिडकीशेजारच्या फळीवर गुरुजींच्या बरण्या होत्या. कोरड्या रंगांच्या पुडींनी भरलेल्या, जाड काचेच्या. येणारा प्रत्येक पाहुणा तिथे थबके, आणि बाईंनाही त्या दाखवायची हौस होती. एरवी त्यांना बढाईचा भारी तिटकारा, पण या एका गोष्टीपुढे त्यांचं काही चालत नसे.

"हा हिरवा बघा," त्या म्हणाल्या. "कोवळ्या पानाच्या पलीकडून ऊन आलं की दिसतो ना, अगदी तो. आता हा कोणी करत नाही. करू देत नाहीत."

"का?"

"विष आहे नुसतं. यातला थोडासा जरी पोटात गेला तरी माणसाचं काही खरं नाही."

असं म्हटलं की पाहुणे एक पाऊल मागे सरत आणि बाईंना मनातून हसू येई. हा गृहस्थ मागे सरला नाही. त्यानं मान तिरकी करून बरणीवरची चिठ्ठी वाचली.

"आणि तुम्ही ही अशी उघड्यावर ठेवता?"

"माझ्याकडे येतंय कोण? चित्रं बघणारी माणसं येतात."

पुढच्या महिन्यात तो आणखी दोनदा आला, कॅनव्हास कुठवर आला ते बघायला म्हणून. एकदा बाई खाली ठोक्याशी चौकटीच्या लाकडावरून वाद घालत होत्या. तेव्हा तो वर तासभर एकटाच बसून होता. त्या वर आल्या तर खिडकीतून बाहेर बघत उभा. "काय सुरेख उजेड आहे हो तुमच्याकडे," म्हणाला. तिथेच कोपऱ्यात पाण्याचा माठ होता, चहासाखरेचे डबे होते. पण हे त्यांना आठवलं ते फार नंतर.

बैठका आक्कांच्या घरीच ठरल्या, मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी नऊ ते अकरा. मागच्या अंगाला उत्तरेकडे उघडणारी खोली होती, भिंतीवर जुना फळा, टेबलावर शाईची दौत. आक्का ताठ बसत. पाठ खुर्चीला टेकत नसे. पहिल्या दिवशी बाईंनी आपल्या नेमाची चिठ्ठी लिहून पुढे केली तेव्हा त्यांनी ती चष्मा लावून वाचली, एका शब्दाचं ऱ्हस्वदीर्घ सुधारलं आणि परत दिली.

बाईंची रंग जमवायची एक रीत होती. पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा घ्यायचा. पिवळी माती, पांढरा, किंचित लाल, नखाएवढा निळा असं मिसळून डाव्या डोळ्याखालच्या गालाचा रंग करायचा, त्याचा ठिपका पुठ्ठ्यावर द्यायचा आणि जवळ जाऊन तो पुठ्ठा गालाशी धरायचा. ठिपका गालात विरघळल्यासारखा दिसेनासा झाला की रंग जमला. मग त्याखाली तारीख, आणि मग त्या दिवसाचा पहिला शब्द: "बरं आहे ना?"

"बरं नसायला काय झालंय," आक्का म्हणत. "तुम्ही रोज माझा गाल तपासताय. कोणी मुलीचं स्थळ बघायला आल्यासारखं."

"मग, पसंत आहे मुलगी?"

"मुलीला कोण विचारतंय?"

दोघी हसत. तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यांचं छान जुळलं होतं.

चौथ्या आठवड्यात ठिपका विरघळेना. बाईंनी गेल्या खेपेसारखाच रंग केला होता. गालाशी धरला तर गुलाबाच्या पाकळीसारखा उठून दिसला. त्यांनी लाल कमी केला, मातीचा रंग वाढवला, तरी नाही. शेवटी हिरव्याचं एक टोक लावलं तेव्हा कुठे ठिपका नाहीसा झाला. पुढच्या बैठकीला हिरवं दोन टोकं लागलं, थोडा राखाडीही.

"झोप लागत नाही का, आक्का?"

"झोपेचं काय घेऊन बसलात. पायांना मुंग्या येतात रात्रभर. आणि पोट. डॉक्टर म्हणतात, वय. वय म्हटलं की त्यांचं काम संपतं." त्यांनी डोक्यावरून हात फिरवला तर दोनचार केस बोटांत आले. ते त्यांनी गुपचूप रुमालात गुंडाळले. "पोरगा बिचारा घाबरून गेलाय. दर महिन्याच्या सुरुवातीला टॉनिकची नवी बाटली आणतो. जहर कडू. स्वतः उभं राहून पाजतो."

बाईंनी संध्याकाळी सगळे ठिपके कापून एका ओळीत चिकटवले आणि पट्टी ठोक्याला दाखवली. पहिला ठिपका पिकत्या फळासारखा, शेवटचा पावसात भिजलेल्या भिंतीसारखा.

"ताई, चष्मा बदल," ठोक्या म्हणाला. "तुझे डोळे पिवळे पडतायत. मोतीबिंदू."

"अरे ठोंब्या, माझे डोळे पिवळे पडले असते तर मला गालही पिवळा दिसला असता आणि ठिपकाही पिवळाच. दोन्ही शेजारी धरून बघते मी. फरक त्यांच्यात आहे, माझ्यात नाही."

ठोक्यानं डोकं खाजवलं. त्याला हे पटायला थोडा वेळ लागला. मग तो म्हणाला, "त्या माणसानं पितळेची पट्टी सांगितलीय, चौकटीखाली लावायला. आक्कांचं नाव, त्याखाली जन्मसाल, मग आडवी रेघ. आणि पुढे मोकळी जागा सोडायला सांगितलंय. चार आकडे बसतील एवढी."

"रेघ?"

"मी म्हटलं, अहो, जित्या माणसाच्या पट्टीवर रेघ काढत नाहीत. तर म्हणाला, कधीतरी काढावीच लागणार ना, मग पुन्हा पुन्हा कशाला काम." ठोक्या हसायला गेला पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "हिशेबी माणूस आहे."

बाईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्यांनी ती हाकलली. गुरुजींचा दुसरा दंडकच होता तसा: लोकांच्या घरात जे दिसेल ते कॅनव्हासवर जाईल, जिभेवर नाही. चित्रकाराला लोक आपल्या चेहऱ्याच्या वीतभर जवळ येऊ देतात ते याच भरवशावर. तीस वर्षांत त्यांनी किती रडून सुजलेले डोळे रंगवले होते, कोणाच्या दंडावरचे वळ बाहीखाली झाकले होते. एक अक्षर कधी बोलल्या नव्हत्या. आणि इथे होतं तरी काय? म्हातारी आजारी, भाचा घाबरलेला. बस्स.

हात त्यांनी पाचव्या आठवड्यात रंगवायला घेतले. आक्कांचे हात मांडीवर एकावर एक, वर उजवा. हाताला चेहऱ्याइतकाच वेळ द्यायचा, ही बाईंची शिस्त. अंगठ्याच्या नखावर, अगदी मुळाशी, एक बारीक पांढरी आडवी रेघ होती. त्यांना वाटलं ओरखडा असेल. दिसतं ते काढायचं, म्हणून तीन केसांच्या ब्रशनं त्यांनी ती जशीच्या तशी काढली, मुळापासून केसभर अंतरावर.

तीन आठवडे त्या चेहऱ्यातच गुंतल्या. हाताचा थर वाळला, त्यावर दाट थर द्यायची वेळ आली. बाईंनी चित्राकडे पाहिलं, मग हाताकडे, मग पुन्हा चित्राकडे. रेघ चुकीच्या जागी होती.

त्यांचा हात असा चुकत नसे. त्या उठून जवळ गेल्या. आक्कांच्या नखावरची रेघ सरकली होती. नख वाढलं तशी तीही वर गेली होती, आणि तिच्या खाली, मुळाशी, दुसरी रेघ उगवली होती. दुसऱ्या नखांवरही तेच. पहिलं बोट, मधलं बोट, सगळीकडे दोन दोन, एका उंचीवर, पट्टीनं आखल्यासारख्या.

अशा रेघा त्यांनी आधी पाहिल्या होत्या. गुरुजींना ब्रशचं टोक ओठांत धरून ओढायची सवय होती. शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या नखांवर अशाच आडव्या पांढऱ्या रेघा आल्या, पायांतलं बळ गेलं, केस गेले. मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी नखं पाहूनच विचारलं होतं: हिरवा रंग वापरता का?

"काय झालं?" आक्का म्हणाल्या. "पांढऱ्याफटक पडलात. आता तुमचा रंग जमवायला कोणाला बोलवू?"

"काही नाही. हात जरा चुकला होता."

घरी येऊन बाईंनी पिशवीही खाली ठेवली नाही. सरळ फळीशी गेल्या. हिरवी बरणी जागेवर होती, पण तिच्या बुडाचं धुळीतलं वर्तुळ बोटभर बाजूला दिसत होतं. बरणीवर गुरुजींच्या अक्षरातली चिठ्ठी होती. तिची खालची कड आणि आतल्या पुडीची पातळी वर्षानुवर्षं एका रेषेत होती, हे बाई डोळे मिटूनही सांगू शकल्या असत्या. आता पुडी चिठ्ठीच्या दोन बोटं खाली होती.

त्या स्टुलावर बसल्या. मीच, त्यांच्या मनात आलं. मीच त्याला नावासकट दाखवलं, गुण सांगितले, आणि खाली जाऊन लाकडावरून भांडत बसले. उद्या हे बाहेर पडलं तर लोक काय म्हणतील, तेही दिसलं त्यांना. चित्रकारणीच्या घरचं विष. तीस वर्षांचं नाव एका दिवसात मातीत जाईल, आणि जायलाच हवं, असंही वाटलं. पण आपण गप्प बसलो तर? पितळेच्या पट्टीवरची चार आकड्यांची मोकळी जागा त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. वाढदिवसाला सोळा दिवस उरले होते. महिना तीन दिवसांनी सुरू होत होता. नवी बाटली.

त्यांनी हात जोडले. मागायचं काय ते सुचेना, म्हणून नुसत्याच बसून राहिल्या.

पहिल्या तारखेला शुक्रवार होता. बाई आक्कांच्या घरी पोचल्या तेव्हा पावणेनऊ झाले होते. नेमाप्रमाणे अजून तोंडून शब्द नव्हता; टॅक्सीवाल्यालाही पत्ता चिठ्ठीवरच दाखवला होता. खोलीचं दार उघडं होतं. आक्का खुर्चीत ताठ, आणि समोर भाचा वाकलेला. एका हातात गर्द तपकिरी बाटली, दुसऱ्या हातात काठोकाठ भरलेला चमचा. आक्कांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं होतं.

"थांबा!"

आवाज एवढा मोठा आला की बाई स्वतःच दचकल्या. चमचा डुचमळला. आक्का त्यांच्याकडे बघतच राहिल्या. अजून पॅलेट पिशवीतच होतं, पुठ्ठा कोरा होता, आणि या बोलल्या होत्या. आक्कांनी हळूच तोंड मिटलं.

"काय झालं हो?" भाचा हसत म्हणाला, पण डोळे हसले नाहीत.

"आज ओठ रंगवायचे आहेत." बाईंनी पिशवी खांद्यावरून काढलीच नाही. "असलं काळं औषध ओठांना लागलं की दोन तास रंग जमत नाही. आणि इथला उजेड बघा, ढग आलेत, नुसता गढूळ. आज आक्कांना माझ्याकडे बसवते. टॅक्सी बाहेर उभीच आहे."

"तिला जिना झेपणार नाही."

"झेपेल," आक्का म्हणाल्या. बाईंच्या चेहऱ्यावरून त्यांची नजर हलली नव्हती. "चाळीस वर्षं शाळेचे जिने चढलेय. माझी काठी दे."

"मग औषध घे आणि जा."

"बैठक झाली की मी देते ना आठवणीनं," बाई म्हणाल्या. "द्या ती बाटली."

तो हलला नाही. चमचा त्यानं बाटलीच्या तोंडाशी नेला, औषध परत आत ओतलं, बूच लावलं, आणि बाटली छातीशी धरून उभा राहिला. "राहू दे. आल्यावर मीच देईन."

"अरे दे की," आक्का म्हणाल्या, वर्गात बोलावं तशा. "दोन चमचे औषध. त्यात एवढं काय आहे?"

नाही म्हणायला त्याच्याजवळ कारण नव्हतं. त्यानं हात पुढे केला. बाटली त्याच्या हातात ऊबदार झाली होती. ती ऊब बाईंना पिशवीत ठेवीपर्यंत जाणवली.

"सांभाळून," तो म्हणाला. "तुम्ही फार बारकाईनं बघता, बाई."

टॅक्सीत बाईंनी ठिपक्यांची पट्टी आक्कांच्या मांडीवर ठेवली. मग त्यांचा हात हातात घेऊन नखांवरच्या रेघा दाखवल्या. मग बरणीचं सांगितलं. आपण काय दाखवलं, कोणाला दाखवलं, काही लपवलं नाही. आक्का खिडकीबाहेर बघत होत्या. एक पूल गेला, एक बाजार गेला.

"दोन रेघा," त्या शेवटी म्हणाल्या. "दोन महिने. आज तिसरी आली असती."

"आक्का, चूक माझी..."

"तुमची चूक बरणीची. ती तुम्ही कबूल केलीत." त्यांनी पट्टी दुमडून पर्समध्ये ठेवली. "बाकीची माझ्या घरची आहे. गाडी इस्पितळाकडेच चाललीय ना?"

"हो."

"मला वाटलंच. आज तुमचा नेम मोडला तेव्हाच वाटलं."

इस्पितळात तरुण डॉक्टरणीनं नखं पाहिली, केसांचा नमुना घेतला, बाटली हातमोज्यानं उचलून पिशवीत घातली आणि फोन लावायला गेली. तपासणीत जे निघायचं तेच निघालं. पोलीस घरी गेले तेव्हा भाचा तिथेच होता, बैठकीच्या खोलीत, स्वच्छ बूट घालून. तो काही बोलला नाही. नंतरही नाही.

बाईंनी बरणी स्वतः नेऊन दिली. जबाब लिहून घेणारा अधिकारी शांत होता. पण बाहेर बोभाटा व्हायचा तो झालाच. दोन गिऱ्हाइकांनी कामं परत घेतली. खालच्या दुकानात येणारे लोक मान वर करून जिन्याकडे बघत आणि आवाज खाली आणत. बाईंनी ते सोसलं. ते आपल्या वाट्याचं आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

झोप उडवली ती दुसऱ्याच गोष्टीनं. पंधरा दिवसांनी अधिकारी पुन्हा आला. म्हणाला, "तुमच्या बरणीतून गेलेला रंग आणि आम्हाला सापडलेला रंग यांचा मेळ बसत नाही. बाटलीत होता, त्याच्या टेबलाच्या खणात पुडी होती. आक्कांच्या पोटात गेलेलं धरूनही सगळं मिळून अर्ध्या बोटाचंही होत नाही. दोन बोटं म्हणताय ना तुम्ही?"

"दोन."

"नक्की?"

"मला पातळी दिसते हो. तेच करते मी जन्मभर."

"मग बाकीचा कुठे आहे? तो तर तोंड उघडत नाही." अधिकाऱ्यानं खोलीभर नजर फिरवली. फळी, खिडकी, इझल, कोपऱ्यातला माठ, चहासाखरेचे डबे. तिथे ती थांबली. "तो इथे एकटा किती वेळ होता?"

डबे ते घेऊन गेले. तपासले, काही निघालं नाही. पण तो वर एकटा बसला होता त्या दिवसानंतर साखर दोनदा संपून नव्यानं भरलेली होती. आणि आधीच्या साखरेचा चहा बाई आणि ठोक्या रोज दोनदा प्यायले होते. गेल्या आठवड्यापासून ठोक्याचं पोट बिघडलं होतं. तो म्हणे, बाहेरचं खाल्लं. रक्त तपासून झालं होतं, त्यात स्पष्ट काही आलं नाही. थोडकं असेल आणि बरेच दिवस झाले असतील तर रक्तात सापडत नाही, असं डॉक्टरीण म्हणाली. नखांवर लक्ष ठेवा. रेघ वर यायला वेळ लागतो.

आक्का सहा आठवड्यांनी घरी आल्या. वाढदिवस इस्पितळातच झाला होता. सह्याही तिथेच, पलंगावर बसून केल्या होत्या. घरी आल्या त्याच मंगळवारी त्यांनी निरोप धाडला: राहिलेली बैठक पूर्ण करून टाका.

बाई गेल्या. रंग केला, पुठ्ठा गालाशी धरला. हिरवं लागलं नाही. ठिपका पहिल्या दिवसाइतका नाही, पण बराचसा पहिल्यासारखा होता. तो गालात विरघळला तेव्हा बाईंचे डोळे भरून आले.

"बरं आहे ना?" त्या म्हणाल्या.

"बरं आहे." आक्कांचा आवाज कोरडा होता. "रेघा नखाच्या मध्यावर आल्यात. काही महिन्यांत कापल्या जातील. चित्रात मात्र राहू द्या. दोन्ही. शाळेतल्या पोरांना कोणी विचारलं तर सांगतील काहीतरी."

"आणि पट्टी? ठोक्या विचारत होता."

"पट्टीवर नाव पुरे. रेघ नको."

बाई इझलकडे वळल्या तर मागून हाक आली.

"इकडे या. हात पुढे करा."

"काय?"

"हात. दोन्ही. मी ऐकलंय सगळं, तो अधिकारी माझ्याकडेही आला होता." आक्कांनी पर्समधून चष्मा काढून लावला. "दर सोमवारी प्रार्थनेनंतर अख्ख्या शाळेची नखं बघायचे मी. चारशे पोरं. नजर बसलीय."

पन्नाशीच्या चित्रकारबाई शाळकरी मुलीसारख्या हात पुढे करून उभ्या राहिल्या. आक्कांनी एकेक बोट धरून खिडकीकडे वळवलं, उत्तरेच्या उजेडात तिरकं केलं, पाहिलं, सोडलं. उजवा हात झाला. डावा. डाव्या अंगठ्यापाशी त्या थांबल्या. नखाच्या मुळाशी पांढरं काहीतरी होतं.

बाईंनीही वाकून पाहिलं.

"पुसा," आक्का म्हणाल्या.

बाईंनी चिंधीला टर्पेंटाइन लावलं आणि नख घासलं. पांढरं गेलं नाही. पुन्हा घासलं, जोरानं, कातडी लाल होईपर्यंत. तिसऱ्यांदा ते चिंधीवर उतरलं. रंगच होता, सकाळचा. नख खालून कोरं, गुलाबी निघालं.

"स्वच्छ," आक्का म्हणाल्या. "भावाला उद्या घेऊन या. आणि मग दर मंगळवारी, दोघं. डॉक्टरीण म्हणेपर्यंत."

"हो."

आक्कांनी चष्मा काढला, मिटला, पण पर्समध्ये ठेवला नाही. हातातच धरून त्या आपल्या खुर्चीत पुन्हा ताठ बसल्या. पाठ टेकलेली नाही, वर उजवा हात, अगदी चित्रातल्यासारख्या.

"त्याचीही बघायचे," त्या म्हणाल्या. "दर सोमवारी. घरचा म्हणून सोडलं नाही कधी. त्याची सगळ्यांत स्वच्छ असायची."